येताना बघू

आमच्या घरात एक नियम गेली सतरा वर्षं काटेकोरपणे पाळला जातो. माझी बायको माझ्याबरोबर प्रवास करत नाही. बाजारात येते, दवाखान्यात येते, कुणाच्या घरी चहाला बोलावलं तर माझ्याआधी चप्पल घालून तयार असते. पण जिथे जाताना डबा आणि पाण्याची बाटली सोबत घ्यावी लागते अशा ठिकाणी ती बहिणीबरोबर जाते आणि मी घरी राहून झाडांना पाणी घालतो. कारण विचारलं की म्हणते, "तुम्हाला माहीत आहे." आता माहीत असतं तर मी कशाला विचारलं असतं?

आमचा शेवटचा एकत्र प्रवास माझ्या मते अत्यंत यशस्वी झाला होता. मी एका कचेरीत आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे, त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी मी वेळापत्रक टाइप केलं होतं आणि त्याची कार्बन प्रत तिला जावक क्रमांकासह दिली होती. "अकरा चाळीस ते अकरा पंचेचाळीस : पाणी पिणे", इतकं बारकाईने. येताना तर पेट्रोल पंपावर एका भल्या माणसाने नवा रस्ता सांगितला आणि आमचे एकोणीस किलोमीटर वाचले. एकोणीस! घरी बावीस मिनिटं आधी पोचलो. मी ते तिला दोनदा सांगितलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, भारावली असेल.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो आहे. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून चार गावं बघावीत, एवढीच माझी इच्छा. तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा लेखी विचारलं, फ्रिजवर चिठ्ठी लावून. संध्याकाळी चिठ्ठीखाली "नाही" असं लिहिलेलं होतं, तारखेसकट. तारीख टाकण्याची सवय तिला माझ्यामुळे लागली आहे, पण या गोष्टीचा मला त्या दिवशी आनंद झाला नाही.

अशा मनःस्थितीत दातांच्या डॉक्टरकडे बसलो असताना एका जुन्या मासिकात मी एका चित्रपटाबद्दल वाचलं. जगातल्या थोर चित्रपटांत त्याची गणना होते म्हणे. एक जोडपं मोटारीने लांबच्या प्रवासाला निघतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, बोलणं जवळजवळ बंद. नवरा शिस्तीचा, मितभाषी, वेळ पाळणारा. बायकोला त्याची कदर नाही. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं, पण मला पुरेसं कळलं होतं. हा चित्रपट हिने बघायलाच हवा. एकदा बघितला की नवऱ्याची बाजू म्हणून काही असते हे तिला कळेल आणि मग चार गावं बघायला आम्ही मोकळे.

आता सरळ "चल, बघ" म्हटलं तर तिला लगेच संशय आला असता. म्हणून तो अख्ख्या वसाहतीला दाखवायचं ठरवलं. मी वसाहतीच्या चित्रपट मंडळाचा चिटणीस आहे, हे सांगायचं राहिलंच. गेल्या वर्षी आम्ही मिठागरांवरचा एक माहितीपट दाखवला होता. एकशे चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि अकरा जण आले होते. त्यातले दोघे पंखा आहे म्हणून आले होते.

कार्यकारिणीच्या बैठकीत चेअरमननी पहिलाच अडसर घातला. हे पाणीखात्यातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठेही काहीतरी गळतंय असाच चेहरा. म्हणाले, "नवरा-बायको गाडीत बसून भांडतात, हे बघायला लोकांनी सभागृहात कशाला यायचं? घरी काही कमी आहे का?"

"भांडत नाहीत. बोलतच नाहीत," मी म्हणालो.

"मग तर त्याहून घरच्यासारखं."

शेवटी "वर्षातून एक परदेशी अभिजात चित्रपट" अशी मंडळाच्या घटनेत तरतूद असल्याचं मी कलमासह दाखवलं तेव्हा ठराव मंजूर झाला. फक्त सभागृहात एकाच प्लगवर सगळं चालवायचं, अशी अट पडली.

चित्रपट मिळतो तो सरकारी चित्रपट भांडारातून. तिथल्या अर्जात "प्रदर्शनाचा हेतू" असा रकाना होता. मी "सांस्कृतिक" लिहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "सांस्कृतिक चालत नाही. शैक्षणिक लिहा, नाहीतर मनोरंजन. शैक्षणिकला मुख्याध्यापकांची सही लागते, मनोरंजनाला अग्निशमनचा दाखला."

शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "यातून मुलं काय शिकणार?" त्यांचंही बरोबर होतं. मग अग्निशमनकडे गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने चित्रपटात कुठे आग लागते का, असं विचारलं. मी अर्धंच परीक्षण वाचलेलं असल्याने छातीठोकपणे काही सांगता येईना. शेवटी सभागृहात वाळूच्या चार बादल्या ठेवण्याच्या बोलीवर दाखला मिळाला.

इतकं करून रिळांचे डबे हातात आले, तर त्यावर चिठ्ठी : "उपशीर्षके नाहीत." म्हणजे पात्रं परकी भाषेत बोलणार आणि खाली अक्षर नाही! मी तसाच खिडकीशी गेलो.

"तुम्ही उपशीर्षकांसमोर खूण केली नाहीत," कारकून म्हणाला.

"तिथे 'लागू नसल्यास खोडा' असं छापलं होतं. मला लागू होतं, म्हणून मी खोडलं नाही."

"खोडलं नाही म्हणजे मागितलं, असं होत नाही."

मी स्वतः एकतीस वर्षं कचेरीत काढली आहेत. या उत्तरापुढे मला मान तुकवावीच लागली.

सुदैवाने डब्यात संवादांचे कागद होते, अर्थात त्याच परक्या भाषेत. आणि सुदैवाने म्हणा, दुर्दैवाने म्हणा, ती भाषा येणारा एक माणूस आमच्या वसाहतीत होता. आयुष्यभर नियमावल्या आणि निविदा भाषांतरित करून निवृत्त झालेले हे गृहस्थ तिसऱ्या इमारतीत राहतात आणि त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना "परिपत्रक" म्हणतात. आठ दिवसांत त्यांनी सुवाच्य अक्षरात, समास सोडून, सबंध चित्रपट मराठीत उतरवून दिला. चित्रपट चालू असताना दोघांनी मराठी संवाद माइकवर वाचायचे, अशी माझी योजना होती. नवऱ्याचे मी वाचणार, हे ओघानंच आलं. बायकोचे वाचायला माझीच बायको सर्वांत योग्य होती. ती इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर बसते आणि दिवसभर लाउडस्पीकरवरून डॉक्टरांना बोलावते. तिचा आवाज ऐकून शस्त्रक्रिया विभागातले लोकही जागचे उठतात.

तिने कागद हातात घेतला आणि वाचलं, "'मला थकवा आल्याचे आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे.' हे काय आहे?"

"ती दमली आहे."

"मग 'दमले बाई' म्हणेल ना! ही नवऱ्याशी बोलतेय की कचेरीशी?"

खरं सांगायचं तर मला भाषांतर फार आवडलं होतं. नवऱ्याचा चष्मा सापडत नाही, त्या ठिकाणी "माझा चष्मा कोठे ठेवण्यात आला आहे याबाबतचा खुलासा तात्काळ सादर करावा" असं होतं. यात कुणाला खटकण्यासारखं काय आहे? अर्थ स्पष्ट आहे, मुदत दिलेली आहे, कुणाचा अपमान नाही.

"माझी वाक्यं मी माझ्या भाषेत लिहिणार," ती म्हणाली. "मान्य असेल तर वाचते."

"आणि माझी?"

"तुमची आहेत तशीच राहू द्या. अगदी बरोबर वाटतायत."

मी ही प्रशंसा समजलो आणि तसं परिपत्रकांना कळवलंही.

तालमी घरीच सुरू झाल्या. भिंती पातळ, आवाज तिचा, आणि संवाद तसे. तिसऱ्या दिवशी "तुमच्याबरोबर एका गाडीत बसायचं म्हणजे शिक्षा आहे!" हे वाक्य तिने असं काही म्हटलं, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी हातातलं काम टाकून वर आल्या. दारातच मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जरा फिरून या. मी बघते." त्यांचा समज दूर करायला मी कागद दाखवू लागलो, तर त्यांची नजर नेमकी "उपरोक्त परिस्थितीत विभक्त राहणे इष्ट ठरेल" या ओळीवर पडली. मागे सही असेल म्हणून त्यांनी कागद उलटून पाहिला. संध्याकाळपर्यंत आम्ही वेगळे होतो आहोत ही बातमी वसाहतभर झाली. चेअरमन स्वतः आले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि पाण्याचं बिल कुणाच्या नावावर राहणार, असं हळूच विचारून गेले. दुधवाल्याने पिशव्या एक की दोन, याची चौकशी केली. मी प्रत्येकाला "अहो, चित्रपटाची तालीम आहे" असं सांगत होतो आणि प्रत्येकजण "हो, हो, असं होतंच" म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवत होता.

एक मात्र झालं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता एकशे चाळीस खुर्च्या भरून लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले. वाळूच्या बादल्या उलट्या घालून त्यांवरही दोघे बसले होते, त्यामुळे अग्निशमनच्या अटीचं काय झालं हे मी इथे लिहीत नाही.

प्लग एक, म्हणून माइक एक. माइक एक, म्हणून आम्ही दोघे एका अरुंद बाकावर पडद्याच्या कडेला दाटीवाटीने बसलो. मध्ये माइक, समोर छोटा दिवा. दोघांनीही समोर बघायचं आणि एकमेकांकडे नाही, असं ठरलं होतं.

प्रोजेक्टरवाल्याने यंत्र सुरू केलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पडद्यावरचा नवरा फार कमी बोलत होता. तो ओठ जेमतेम दोनदा हलवी, आणि माझ्या कागदावर तेवढ्याला अडीच ओळी असत. "सामान उतरविण्याची कार्यवाही आपल्या स्तरावर करण्यात यावी, अन्यथा होणाऱ्या विलंबास आम्ही जबाबदार राहणार नाही" हे माझं संपेपर्यंत तो खोलीत जाऊन, तोंड धुऊन, कपडे बदलून बाहेर आला होता. तिची वाक्यं मात्र ओठांवर अचूक बसत. "दमले बाई." "खिडकी उघडा ना जरा." "तुम्हाला काही ऐकू येतं का हो?" प्रत्येक वाक्याला बायका हसत आणि माझ्या प्रत्येक वाक्याला बायका-पुरुष दोघेही. चित्रपट गंभीर आहे, असं मी प्रास्ताविकात पंचवीस मिनिटं सांगितलेलं होतं. परिपत्रक पहिल्या रांगेत मूळ कागद मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्याबरोबर ओठ हलवत होते. ते एकटे हसत नव्हते.

हळूहळू मात्र हसणं कमी झालं. पडद्यावर गाडी चालू होती, बाहेर झाडं, आत दोघं गप्प. मग ती बाई खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. कागदाप्रमाणे इथे तिला कुठलीशी बाग बघायची होती. मी कागदावर बोट ठेवून तयार बसलो. शेजारी माझ्या बायकोने आपला कागद उलटा करून ठेवला.

"सतरा वर्षं झाली," ती माइकमध्ये म्हणाली. "रस्त्याच्या उजव्या हाताला एक तळं होतं. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबू या का? तुम्ही म्हणालात, येताना बघू. मी जाताना मान वळवून बघितलंसुद्धा नाही, म्हटलं येताना नीट बघू. दोन दिवस त्या तळ्याची वाट बघितली. आणि येताना तुम्ही दुसऱ्याच रस्त्याने आणलंत. वर एकोणीस किलोमीटर वाचले म्हणून सांगितलंत. दोनदा."

 पडद्यावरची बाई अजून खिडकीबाहेरच बघत होती आणि सभागृहातल्या सगळ्यांना हे तीच बोलते आहे असं वाटत होतं. खरं काय ते फक्त मला कळलं. मला ते तळं आठवेना. मी किती आठवून पाहिलं. एकोणीस किलोमीटर आठवले, बावीस मिनिटं आठवली, पंपावरच्या माणसाचा शर्टसुद्धा आठवला. तळं काही आठवेना.

आणि तेवढ्यात पडद्यावरच्या नवऱ्याने तोंड उघडलं. मी कागदाकडे पाहिलं. कागदावर होतं : "आपले म्हणणे विचाराधीन आहे."

"आपले म्हणणे..." मी म्हणालो आणि थांबलो.  माझा कागद निसटला असावा असं वाटून पहिल्या रांगेतून परिपत्रकांनी मोठ्याने आठवण करून दिली, "विचाराधीन आहे! विचाराधीन!"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

एव्हाना पडद्यावरच्या माणसाचं बोलून झालं होतं आणि तो गाडी थांबवून टायर तपासत होता, त्यामुळे त्याने टायरची माफी मागितल्यासारखं दिसलं. पण कुणी हसलं नाही. परिपत्रकांनी मांडीवरच्या कागदात बोट फिरवत ती ओळ शोधायला सुरुवात केली. शेजारी बाकावर काही हालचाल झाली नाही. बघायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी बघितलं नाही.

पुढच्या पाऊण तासात मी काय वाचलं ते मला आठवत नाही. शेवटचं रीळ मात्र आठवतं. कागदावर अखेरचं वाक्य तिचं होतं : "मी जाते." त्यापुढे नवऱ्याला संवाद नाही. तालमीत मला वाटलं होतं, ती सामान आवरायला जात असेल. प्रत्यक्षात ती बाई बॅग घेऊन गाडीतून उतरली आणि स्टेशनात शिरली. मासिकाचं फाडलेलं पान असं माझ्यासमोर आलं! नवऱ्याची बाजू कळावी म्हणून जो चित्रपट मी वाळूच्या बादल्या वाहून आणला, त्यात बायको नवऱ्याला कायमची सोडून जात होती.

सभागृहात कुजबुज झाली. "अरे, त्याने चुकलं म्हटलं ना मघाशी!" चेअरमनचा आवाज ऐकू आला. "मग आता काय?"

ती बाई आगगाडीच्या डब्याच्या दारात उभी राहिली, मागे वळली आणि तिचे ओठ हलले. माझ्या बायकोने माइक जवळ ओढला.  आमच्यात घराबाहेर पडताना कुणी "जाते" म्हणत नाही, पण कागदावर तेच होतं आणि चित्रपटाचा अर्थही तोच होता.

"येते हं," ती म्हणाली.

गाडी हलली. नवरा फलाटावर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दिग्दर्शकाला काय दाखवायचं होतं देव जाणे, पण आमच्या सभागृहाला तो वाट बघणारा माणूस दिसला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी डोळे पुसले आणि "गोड शेवट आहे हो" असं शेजारणीला सांगितलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. परिपत्रक तेवढे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मूळ संहितेत दोन ठिकाणी अनधिकृत फेरफार झालेले आहेत. मी लेखी कळवतो." त्यांनी खरंच कळवलं. आवक क्रमांक दिला आहे.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला. 

"तू मला कधी सांगितलं नाहीस तळ्याचं," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलंत का?"

"अगं, सतरा वर्षं विचारतोय!"

"तुम्ही 'का येत नाहीस' असं विचारत होतात. तुझं काय बघायचं राहिलं, असं नाही विचारलंत." तिने कप माझ्यापुढे ठेवला. "साखर घातली आहे. ढवळा."

शनिवारी मी सवयीने टाइपरायटरपुढे बसलो. "सात वाजता : निघणे" एवढं टाइप केलं आणि पुढे काही सुचेना. तसाच कागद तिला दिला. तिने तो पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि पर्समध्ये ठेवला. रविवारी सातला दहा कमी असताना ती पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती.

नव्या रस्त्यामुळे जुना रस्ता कुणी वापरत नाही. खड्डे पडलेले, पाट्या गंजलेल्या. मी दोनदा चुकलो, एकदा कुणाच्या तरी अंगणात गाडी नेऊन उभी केली. एरवी मी "वीस मिनिटं गेली" असं नक्की म्हटलं असतं. शेवटी ते उजव्या हाताला दिसलं. अगदी साधं तळं हो. काठाला पत्र्याची एक शेड, थोडी लव्हाळी, चार बदकं. त्यातलं एक पाण्यात उतरायला तयार नव्हतं आणि बाकीची त्याची वाट बघत थांबली होती.

ती उतरून काठापर्यंत गेली. पदर खोचून उभी राहिली. मी गाडीशीच थांबलो, मध्ये लुडबुड नको म्हणून. दोनेक मिनिटांनी ती परत आली.

"बघितलं. चला," ती म्हणाली. "तुम्हाला उशीर होईल."

मी घड्याळ बघितलं. सवय काही एका रविवारात जात नाही.

"पाच मिनिटं म्हणाली होतीस," मी म्हणालो. "अजून तीन राहिली आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ, मघाशी तळ्याकडे पाहत होती त्याहूनही जास्त वेळ. मग मागे वळून काठावरच्या दगडावर बसली आणि सरकून शेजारी जागा केली. मी घड्याळ काढून खिशात टाकलं. ते हट्टी बदक उतरलं की निघू, असं ती म्हणाली. ते काही लवकर उतरलं नाही.

एकोणीस किलोमीटर जास्त पडले, पण येताना आम्ही त्याच रस्त्याने आलो.